कुणाचं घर

पारोळ्याच्या बालमित्राच्या, नथ्थूच्या, पत्राला ईश्वरनानांनी सहा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. ‘बठ्ठं बरं शे. तू येशी का?’ सगळं बरं आहे, तू येशील का, एवढंच त्यात होतं. लिहायला बसलं की नानांना आपलेच शब्द खोटे वाटत. तोवर नथ्थू वारला.

नाना जामनेरच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. तिथला संगणक रोज सकाळी अकराला वाचकांना पुस्तकं परत करायची आठवण पाठवी. ते काम नानांनी हातानं चालवलं की व्हायचं. ठरल्या वेळी आपोआप सुरू झालं की बंद पडायचं.

“तुम्ही चालवता तेव्हा ते फायली तुमच्या घरात, म्हणजे तुमच्या नावाच्या फोल्डरात शोधतं, नाना,” ते बसवून देणारा नीलेश जळगावहून फोनवर म्हणाला. “एकटं असलं की कुणाच्या घरात शिरतं, ते छापायला लावा. तुमच्यासारखंच बुजरं दिसतंय.”

दुसऱ्या दिवशी अकराला प्रिंटरमधून कागद निघाला.

घर: नथ्थू, पारोळा. फाइल सापडली नाही: ईश्वरचं उत्तर.

नानांनी तो फोनवर वाचून दाखवला.

“असं नाव मी कुठंच टाकलेलं नाही,” नीलेश म्हणाला. “चेष्टा करताय ना, नाना?”

नानांनी फोन ठेवला. पोस्टकार्डावर नथ्थूचा पत्ता घातला आणि पहिल्यांदाच न खोडता एक शब्द लिहिला: ‘येतो.’

चौकातल्या लाल पेटीत त्यांनी कार्ड सरकवलं. ते खाली पडलं नाही. आतून कुणीतरी ते अलगद ओढून घेतलं.