सरूबाईनं आवरलेला गोठा

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी सरूबाईनं बालवाडीचं दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. रात्रीतून कोणीतरी कोपऱ्यात कचरा आणून टाकला होता. फाटकं गोणपाट, मळके पुठ्ठे, कडब्याची पेंढी, आणि त्या सगळ्यात उघडीनागडी पडलेली एक प्लॅस्टिकची बाहुली.

एवढा थोरला कचरा डेपो भिंतीपलीकडं पसरलेला असताना लोकांना टाकायला मिशनची बालवाडीच सापडावी, याचा तिला संताप आला. त्यात संध्याकाळी फादर येणार होते. सिस्टर करुणांनी तिच्या हातातला कचरा उकरायचा आकडा काढून झाडू दिला होता खरा, पण फादर म्हणाले होते, "नाताळपर्यंत काम बघू, मग कायमचं ठरवू." पुन्हा डेपोवर जायचं नसेल तर आज या खोलीत काडी दिसता कामा नये.

तिनं पदर खोचला. सगळं आयुष्य कचरा निवडण्यात गेलेलं, हात आपोआप चालू लागले. पुठ्ठा पुठ्ठ्यात, गोणपाट चिंध्यांत, बाहुली कडक प्लॅस्टिकच्या पोत्यात. कडबा फेकायचं जिवावर आलं, म्हणून तो शेजारच्या आशाबाईच्या शेळीपुढं टाकला. तेवढ्यात भंगारवाल्या पुंडलिकचा टेम्पो आला आणि माल घेऊन गेला. फरशी पुसून झाल्यावर ती स्वतःवरच खूश झाली. फादरांनी पान न मांडता तिथं जेवायला बसावं, असा कोपरा लखलखत होता.

थोड्या वेळानं सिस्टर करुणा आल्या आणि दारातच थबकल्या.

"सरूबाई, गोठा कुठंय?"

"कोन्चा गोठा?"

"अहो, ख्रिस्तजन्माचा देखावा. चर्चची पोरं रात्री येऊन करून गेली. येशूबाळ गरिबाघरी, गोठ्यात जन्मलं, म्हणून मुद्दाम फाटकंतुटकं लावलं होतं. बाळ कुठंय?"

सरूबाईनं रस्त्याकडं बोट केलं.

"टेम्पोत गेलं," ती म्हणाली. "कडक प्लॅस्टिकमधी."

सिस्टर मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. शेजारच्या अंगणात शेळी गोठ्याचा उरलासुरला भाग सावकाश चघळत होती.

आता यात सरूबाईचा तरी काय दोष? गोणपाट, पुठ्ठा, फाटकी ताडपत्री, तिच्या स्वतःच्या घराला हेच सामान लागलं होतं. पण ते घर होतं. गाडीतून येणाऱ्या माणसांचा देवही असल्याच घरात जन्मला असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पुंडलिकचा फोन लागेना. गोठ्याची तशी चिंता नव्हती, असल्या सामानाला वस्तीत तोटा नाही. दुपारपर्यंत तिनं तो उभाही केला. मेरी, जोसेफ आणि मेंढपाळ बालवाडीतली पोरंच होणार होती. अडलं होतं ते बाळापाशी. वस्तीतलं एकुलतं एक तान्हं आणून पाहिलं, तर त्यानं आल्या आल्या जोसेफची दाढी उपटली आणि दाढीवाल्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागलं. त्याला परत पाठवावं लागलं.

मग सरूबाई घरोघर निघाली. डेपोवर सापडलेली बाहुली वस्तीत घरटी एक तरी असते, पोरींनी जिवापाड जपलेली. तिला एकच हवी होती आणि आशाबाईनं ती लगेच काढून दिली. तिथंच घोटाळा झाला.

"आशाबाईची चालती आन् आमची नाय व्हय?" पलीकडची लीलाबाई दारात आली. "आमचीला दोन्ही डोळे हायत."

एकीची घेऊन दुसरीला नाही म्हणावं, तर उद्यापासून नळावर पाणी भरायची चोरी. सरूबाईनं लीलाबाईचीही घेतली. मग तिसरीची, मग चौथीची. पुढं पुढं तर तिला मागावंही लागलं नाही.

फादर क्रांती चौकातल्या गर्दीत अडकून उशिरा पोचले. दिवे लागले होते, वस्ती दाटीवाटीनं बसली होती. फादर गोठ्यापुढं वाकले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाकले. गव्हाण काठोकाठ भरली होती. कोणाला हात नव्हता, कोणाचे केस जळलेले, कोणाचा एक डोळा कायमचा मिटलेला. एक तर बाहुली नसून अस्वल होतं.

"सिस्टर," त्यांनी हळू विचारलं, "यातलं येशूबाळ कोणतं?"

सिस्टरांनी सरूबाईकडं पाहिलं. आपली नोकरी आता गेली, हे सरूबाईला कळून चुकलं. मग लपवायचं तरी कशाला?

"फादर, तुमचं बाळ म्या भंगारात घातलं. कचरा वाटला मला. ही वस्तीतली हायत, कोनाला नाय म्हनता येईना." तिनं अस्वल जरा नीट बसवलं. "सगळी तिकडंच घावल्याली हायत. कोनी कोनी टाकून दिल्याली."

फादरांनी खांद्यावरची शाल काढली आणि गव्हाणीवर पांघरली. ती पुरली नाही, अस्वलाचे पाय बाहेरच राहिले.

"सरूबाई, उद्या झाडायला येणार ना?"

"येऊ?"

"या. रोजच या. फक्त हा कोपरा सोडून झाडा."

सरूबाईनं डोळ्यांना पदर लावला. मग तिचं लक्ष गव्हाणीतल्या ताज्या कडब्याकडं गेलं, आणि ती उठून आधी आशाबाईची शेळी बांधून आली.