ढगांचा तास

"तुम्ही जरा मागच्या बाकावर बसता का? तास संपला की बोलू," भूगोलाच्या बाई म्हणाल्या, आणि चिमीचे वडील मुकाट्याने मागे जाऊन बसले.

खरं तर त्यांना बसायचं नव्हतंच. दारात येऊन ते एवढंच म्हणाले होते, "बाई, चिमीला न्यायला आलोय. मोठ्या बाईंशी माझं बोलणं झालंय." बाई पोरीला दप्तर भर म्हणणार, तेवढ्यात त्यांची नजर लॅपटॉपवर गेली.

भिंतीवरच्या पडद्यावर ढगांचे फोटो चालले होते. लॅपटॉपवर मात्र स्लाइडखाली नोट्सची चौकट असते, ती पडद्यावर दिसत नाही. त्या चौकटीत बाईंनी न लिहिलेली एक ओळ उमटत होती.

"ऑफिसातून लिहितेय. चिमीला वडिलांबरोबर सोडू नका. ते तिला पळवून न्यायला आलेत."

तेव्हाच बाईंनी त्यांना मागे बसायला सांगितलं होतं.

लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, कोपऱ्यात नुसता एक जांभळा गोल होता. पण ऑफिसातल्या ताईंना स्वतःच्या नावाने लॉगिन करायचा कायमचा कंटाळा, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. शिक्षकांचे फोन तास सुरू होण्याआधीच ऑफिसात जमा होत. निरोप द्यायचा तर ताई दुसरं करणार तरी काय?

बाईंनी हळूच टाइप केलं, "मग काय करू?"

"तास लांबवा. आई निघालीय. मागच्या फाटकाशी पोचली की सांगते. वडील बाहेर बोलावतील, जाऊ नका."

बाई या शाळेत नव्या होत्या. कुणाच्या घरी काय चाललंय, त्यांना कुठून कळणार? पण वेळ मारून न्यायचं सामान हाताशी होतं. 'आपल्या घरातून दिसणारा ढग' अशी स्लाइड प्रत्येकाने करायची होती, आणि याच फाइलची लिंक त्यांनी पालकांच्या ग्रुपवर टाकली होती, ज्याने त्याने आपला ढग लावावा म्हणून. ढग पोत्याने जमले. एका फोटोत तर ढगापेक्षा वडिलांचा अंगठाच मोठा होता.

"हा कुठल्या प्रकारचा ढग?" बाईंनी विचारलं.

"अंगठाकृती," कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खिदळला. बाईही हसल्या. नजर मात्र नोट्सच्या चौकटीवर होती.

मागच्या बाकावर चिमीचे वडील एकसारखे खिडकीतून फाटकाकडे बघत होते. गुडघा हलत होता. शेवटी ते उठून टेबलापाशी आले.

"बाई, पोरांसमोर नको. बाहेर दोन मिनिटं बोलू या का?"

नोट्समध्ये लिहिलं होतं तस्संच. बाईंची खात्री पटली.

"आता थोडेच ढग राहिलेत," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"घंटेच्या आधी निघालो असतो तर बरं झालं असतं. एकदा घंटा झाली की सगळ्या फाटकांवर गर्दी होते."

"म्हणून तर म्हणते, तास होऊ द्या."

ते ओठ चावत परत जाऊन बसले. बसू दे, बाईंनी मनात म्हटलं. माझ्या वर्गातून पोर नेणं म्हणजे काय पोरखेळ आहे?

पुढची स्लाइड चिमीची निघाली. भलामोठा पांढरा ढग आणि खाली ओळ: "बाबांच्या गॅलरीतून. इथून मी रोज ढग बघते."

"सांग ना ढगाबद्दल," बाई म्हणाल्या.

चिमी उभी राहिली. एवढ्या उकाड्यातही ती पूर्ण बाह्यांचा सदरा घालून आली होती, आणि त्या बाह्या तिने बोटांपर्यंत ओढून घेतल्या. मग वळून वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली तेव्हा कुठे ती बोलायला लागली. केवढ्या धाकात ठेवलंय पोरीला, बाईंना वाटलं, आणि त्यांचा असा संताप झाला की चिमी काय बोलली ते त्यांनी ऐकलंच नाही.

खाली नवी ओळ आली होती. "आई आली. मागच्या जिन्याने पाठवा. वडिलांना कळू देऊ नका."

"चिमी, नकाशांच्या खोलीतून पृथ्वीचा गोल आण बरं."

वडील अर्धे उठले. "मी जातो तिच्याबरोबर."

"अहो, दोन खोल्या सोडून तर आहे. तेवढाही भरवसा नाही का आमच्यावर?"

ते खजील होऊन बसले. बाई चिमीला फळ्याजवळच्या दारापर्यंत सोडायला गेल्या आणि तिच्या कानाशी वाकल्या. "आई आलीय. मागच्या फाटकाशी उभी आहे. पळ."

चिमी जागची हलली नाही. तिने बाईंची बाही घट्ट धरली.

"घाबरू नकोस, राणी. मी आहे ना," बाई कुजबुजल्या. त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला हलकेच जिन्याकडे ढकललं.

मग त्यांनी पावसाचे ढग दाखवले, ते कसे ओळखायचे ते फोड करून सांगितलं. वडील दाराकडे बघत होते. बाई लॅपटॉपकडे बघत होत्या. "मिळाली," एवढा एकच शब्द नोट्समध्ये उमटला आणि कोपऱ्यातला जांभळा गोल नाहीसा झाला.

बाईंचा जीव भांड्यात पडला. आता या माणसाला तोंडावर चार शब्द सुनावायचे, असं ठरवून त्यांनी लॅपटॉप मिटला, तोच दारात मोठ्या बाई आल्या. त्यांना धाप लागली होती.

"ऑफिसातला कॉम्प्युटर सकाळपासून बंद पडलाय, म्हणून मीच जिने चढत आले," त्या म्हणाल्या. "चिमीला अजून वडिलांबरोबर सोडलं नाहीत? कोर्टाने पोरीला आईच्या तावडीतून सोडवून यांच्या हवाली केलंय, आणि ती बाई आत्ता मागच्या फाटकाशी दिसली."