जावेची बॅग

धाकटी जाऊ मनाली लक्षद्वीपच्या क्रूझला निघाली, तेव्हापासून वत्सलाला घास गोड लागेना. तिकडे पौषातही उकडतं, हे तिनं मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. तरी मनालीनं “ताई, कपडे कसले घेऊ?” विचारल्यावर ती म्हणाली, “पातळ काय नको नेऊ गो, समुद्रावर लय गारठा!” आणि आपला एकुलता एक जाड स्वेटर तिच्या बॅगेत कोंबला. होऊ दे घामाघूम!

तिसऱ्या दिवशी इकडे वैशाखरे गावात घाटावरचं गार वारं सुटलं. वत्सला चादर लपेटून चुलीपुढं कुडकुडत होती, तोच मनालीचा फोन आला.

“ताई, बोटीतला एसी एवढा गार, सगळ्या बायका काकडल्यात! तुमचा स्वेटर नसता तर माझं काय खरं नव्हतं.”