तुमचं म्हणणं समजलं

अर्जदार भलतंच बोलत होता. तिच्या हातातल्या चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं : रस्त्यावरचा दिवा बंद, तिसऱ्या मिनिटाला अर्जदार चिडेल. हे आजोबा चिडायचं नाव घेत नव्हते आणि दिव्याचंही नाही. त्यांचं आपलं घराचंच चाललं होतं.

"माझं घर सतरा नंबर," ते उभ्यानेच सांगत होते. "गल्लीला नवे नंबर दिले, तेव्हा त्याचं एकाहत्तर झालं. जुनं एकाहत्तर पडकं आहे. पाडायचंय ते. पण नोटीस लावली माझ्या दाराला. उद्या सकाळी येणार म्हणे पाडायला."

तिने मान हलवली. डोक्यात नुसता काला झाला होता. सतराचं एकाहत्तर, की एकाहत्तरचं सतरा? पडकं कुठलं, जुनं की नवं? आणि दिवा कुठे गेला?

कोपऱ्यात सर गुणांचा कागद घेऊन बसले होते. लोकसेवेतले अधिकारी घडवणाऱ्या विद्यापीठाची ही शेवटची परीक्षा. कचेरी खोटी, टेबल खरं, अर्जदार नाटकवाल्यांकडून मागवलेला. पास झालं की नेमणूक. घरी तर धाकट्या भावाने तिला आत्तापासूनच 'साहेब, चहा' म्हणून छळायला सुरुवात केली होती.

नट मुद्दाम घोळ घालतोय, तिला वाटलं. सापळाच असणार. गेल्या वर्षी एकजण अर्जदाराबरोबर रडला आणि कसाबसा काठावर सुटला. तिने धडा आठवला. उठून उभं राहायचं. खुर्ची द्यायची. मधे तोंड घालायचं नाही. आणि शेवटी ते वाक्य, पहिल्या आठवड्यापासून वर्गात घोटून घेतलेलं.

"तुमचं म्हणणं मला समजलं."

आजोबांचा चेहरा खाडकन उतरला. "तुम्हालाही?" ते पुटपुटले.

बाप रे, काय काम करतोय हा माणूस! तिने अर्जावर 'तातडीचे' असा शेरा मारला, शिक्का उठवला आणि पंधरा दिवसांत उत्तर मिळेल असं हसून सांगितलं.

"पण बाई, उद्या..."

"शेरा मारलाय ना मी, तातडीचा."

आजोबांनी कागदाची घडी घातली आणि ते निघून गेले. खुर्ची तशीच रिकामी राहिली.

"पन्नासपैकी सत्तेचाळीस," सर खूश होऊन म्हणाले. "आणि नट तर काय सांगू! इतकी वर्षं परीक्षा घेतोय, असा पाहिला नाही."

तेवढ्यात दार उघडलं आणि एक जाडजूड माणूस धापा टाकत आत आला. "माफ करा सर, बस चुकली. दिव्याची तक्रार ना? तिसऱ्या मिनिटाला चिडायचं?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने सरांकडे. जाडजूड माणसाने दोघांकडे.

"मग आत्ता गेले ते कोण?" तिने विचारलं.

"मला काय माहीत? पण बाहेर एवढी मोठी पाटी लावलीय, तक्रार निवारण कक्ष. माणसं येणारच की!"

तिने शिक्का उलटा करून पाहिला. गोलाच्या तळाशी बारीक अक्षरं होती : सराव.

"चुकून आला असेल बिचारा," सर म्हणाले. "जाईल खऱ्या कचेरीत. मघाचे गुण रद्द. चल, पहिल्यापासून. आणि मधेच खोली सोडली तर शून्य, हे माहीत आहे तुला."

ती बसली. जाडजूड माणसाने घसा खाकरला. "मॅडम, आमच्या रस्त्यावरचा दिवा..."

उद्या सकाळी. आजोबा उद्या सकाळी म्हणाले होते. ती उठली.

"अगं!" सर ओरडले. "कुठे निघालीस?"

आजोबा फाटकाजवळच्या पायरीवर पिशवी टेकवून उभे होते. कागद डोळ्यांजवळ धरून तो शिक्का वाचायचा प्रयत्न चालला होता. ती धावत गेली. तेच वाक्य सवयीने ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

"आजोबा, तो शिक्का खोटा आहे. मी अधिकारी नाही, शिकतेय अजून. आणि खरं सांगू? मला काही म्हणजे काही समजलं नव्हतं. सतरा कुठलं, एकाहत्तर कुठलं, काहीच नाही. पुन्हा सांगाल? मग आपण दोघं जाऊ खऱ्या कचेरीत."

आता तरी ते चिडतील, असं तिला वाटलं. चिडायलाच हवं होतं त्यांनी. आजोबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग ते हळूहळू पायरीवर टेकले आणि शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"पाच कचेऱ्या झाल्या, पोरी," ते म्हणाले. "सगळ्यांना पहिल्या फटक्यात समजलं. न समजलेली तूच पहिली. बस."