त्याचं काम काय?

"तुज्यात काहीच कमी न्हाय," द्वारकाबाई म्हणाली आणि हात धुवायला उठली.

शामला चटईवर उठून बसली, लुगडं सारखं केलं आणि रडायलाच लागली. काही कमी असतं तर त्यावर औषध तरी असतं.

"मग मला काहीच का होत नाही, मावशी?"

"काय व्हायला पायजे?" द्वारकाबाईनं विचारलं. ती थट्टा करत नव्हती. बेंबळीत आणि आसपासच्या वस्त्यांवर ती सुईणपण करायची. गावातली निम्मी पोरं तिच्या हातात जन्मली होती. स्वतःची सहा झाली. बाईच्या अंगातलं आपल्याला ठाऊक नाही असं काही नाही, असं ती समजून होती. पण ही पोरगी काय विचारतेय ते तिला खरोखर कळलं नव्हतं.

शामलानं खालमानेनं सांगितलं. सोलापूरची वहिनी म्हणाली होती, नवऱ्याजवळ असताना एक लाट येते. अंग भरत भरत जातं आणि मग एकदम सुटतं. शामलाच्या लग्नाला तीन वर्षं होऊन गेली, ती लाट कधी आली नाही. आधी तिनं आल्याचं सोंग केलं. पुढं तेही जमेना. नवरा मार्तंडगुरुजी, शाळेत मास्तर, भला माणूस. परवा तो म्हणाला होता, "मी आवडत नसेन तर जबरदस्ती कशाला? तामलवाडीला माहेरी राहा." रागानं नाही, पडलेल्या आवाजात. तिची ट्रंक भरून तयार होती.

"मला ते आवडतात, मावशी. माझं अंगच मेलेलं आहे."

वहिनीची ती लाट द्वारकाबाईच्याही वाट्याला कधी आली नव्हती. नवरा वारला तोवर तिची वाट बघायची असते हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

"उद्या धाराशिवला जाऊ," ती म्हणाली. "दवाखान्यात नवी डॉक्टरीण आलीय."

डॉक्टर चंद्रप्रभाबाईंनी शामलाला तपासलं, सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून एक जाड पुस्तक उघडलं. चित्रावर बोट ठेवलं. "हे बघा. वर, दोन्ही पाकळ्या जुळतात तिथं हा एवढासा दाणा. दिसतो इतकाच, पण त्याची मुळं आत आहेत, मूल येतं त्या वाटेच्या दोन्ही अंगांनी खाली गेलेली. सबंध शरीरात एवढी जाणीव दुसरीकडं कुठं नाही. ती वाट मात्र निराळी. तिथं जाणीव कमी. नुसत्या संगानं पुष्कळ बायकांना ती लाट येतच नाही. हा आजार नाही, शामलाबाई. तुमचं अंग मेलेलं नाही. त्याला कुणी हाकच मारलेली नाही. घाई करायची नाही. आधी स्वतः ओळखून घ्या, मग गुरुजींना सांगा."

शामला चित्राकडं बघत राहिली. द्वारकाबाई पुढं सरकली.

"हे तर म्या रोज बघते, बाई. पण यानं व्हतं काय? लघवी?"

"नाही."

"पोर ऱ्हायला लागतं?"

"नाही."

"मग त्याचं काम काय?"

"सुख," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसरं कुठलंच काम नाही त्याला. आम्हाला डॉक्टरकी शिकवताना मास्तरांनी हे पान उलटून टाकलं होतं. मी नंतर एकटीनं वाचलं."

द्वारकाबाई मटकन स्टुलावर बसली. तिच्या अंगातलं सगळं कुणा ना कुणाचं होतं. छाती पोरांची, पोट पोरांचं, पाठ रानातल्या कामाची, हात गावाचे. देवीनं तिला घडवताना एक जागा अशी ठेवली होती, जिच्यावर कुणाचाच हक्क नव्हता. ती देवळातल्यासारखी हात जोडून बसली होती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

दोघी दुपारच्या एस्टीनं परतल्या.

त्याच संध्याकाळी शामलानं मार्तंडगुरुजींना सगळं सांगितलं. गुरुजी ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मला माहीतच नव्हतं. तू सांगशील तसं." ट्रंक रिकामी झाली. मध्ये बरेच दिवस गेले. मग एका सकाळी शामला आडावर आली, घागर खाली ठेवली आणि द्वारकाबाईच्या कानाशी लागून म्हणाली, "मावशी, आली." बोलता बोलता तिचे डोळे भरले.

द्वारकाबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि घरी आली. लेक-सून रानात गेली होती. तिनं दाराला कडी लावली. वाकळ अंथरून आडवी झाली.

बराच वेळ काही झालं नाही. तिला लाज वाटली, मग हसू आलं. मग कुठून तरी खोलातून ते यायला लागलं आणि ती घाबरली. तिनं जन्म बघितले होते, मरणं बघितली होती. हे तिच्याच अंगात इतकी वर्षं वस्तीला होतं आणि तिनं त्याचं नावही ऐकलं नव्हतं. भरत भरत ते वर आलं, आणि सुटलं. ती तोंडावर पदर धरून हुंदके देत पडून राहिली.

दार वाजलं. शेजारची सिताबाई होती.

"द्वारकाबाय! दिवसाउजेडी कडी? कोन हाय गं आत?"

द्वारकाबाई उठून बसली. पदरानं डोळे पुसले.

"म्या," ती म्हणाली. "म्या हाय."