जयसिंगपूरची लाईन

शाहूपुरीतल्या एका दूध संघाच्या ऑफिसात सौंदर्या मॉडेमचा सर्व्हर बसवत होती. गावोगावच्या डेअऱ्यांतली जुनी यंत्रं अजून फोनलाईनवरच चालायची. आता सगळ्या कारकुनांना आपापल्या टेबलावरून, या एकाच सर्व्हरमधून, त्या यंत्रांना फोन लावता येणार होता.

जेवायच्या सुट्टीत सगळे कारकून खाली गेले, तरी एका मॉडेमचा दिवा पेटलेलाच राहिला.

"मॅडम, ह्यो फोन कुणी लावलाय?" मॅनेजर सम्राटनं विचारलं.

"कुणीच न्हाय की." तिनं फोनची वायर उपटली. दिवा विझला नाही. स्क्रीनवर नंबर दिसत होता तो जयसिंगपूरचा, तिच्या माहेरचा. आई गेल्यावर तो फोन घरच्यांनी कायमचा बंद केला होता.

तिनं मॉडेमचा स्पीकर चालू केला.

"सौंदर्या, येतीस का गं? छातीत कसंतरीच व्हायलंय."

आईच होती.

"अव्वा, मी कामात हाय." हा आवाज सौंदर्याचा स्वतःचा होता, कोवळा आणि घाईतला.

"ऐक तरी माझं."

सौंदर्याला तो कित्येक वर्षांपूर्वीचा फोन आठवला. त्याच दिवशी संध्याकाळी अव्वा गेली होती. तिला पुढचं ऐकवेना. ती स्पीकरवर वाकून जीव तोडून ओरडली, "जा की! आत्ताच्या आत्ता जा!"

"अव्वा," तो कोवळा आवाज दचकून म्हणाला, "मधीच कोण तरी बाई वरडायलीय. काय ऐकूच येईना. ठेव तू, उद्या बोलू."