नवीन भाडेकरूला सूचना

आमचं शहर डोंगराला चिकटलेलं, सपाट जागा औषधालाही नाही. माझ्या वरच्या खोलीत नवीन भाडेकरू आला, मैदानी मुलखातला, स्वतःची मोटार घेऊन. मी म्हटलं, "साहेब, इथे चढ उलटं चालत चढायचा, म्हणजे दम लागत नाही." पठ्ठ्या आठ दिवस बँकेत उलटा चालत गेला. नवव्या दिवशी शिपायानं त्याला खरं काय ते सांगितलं.

संध्याकाळी त्यानं मला घरासमोरच, त्याच्या उभ्या गाडीपुढे गाठलं. आधी नाकावर बुक्की, मग पोटात लाथ. मी उतारावर आडवा, तोंडात रक्त, तरी हसू आवरेना. तो आणखीच पेटला. मागे वाकून त्यानं विटेएवढा दगड ओढून काढला आणि माझ्या टाळक्यावर उगारला.

"अहो, मागे बघा, तुमची गाडी सुटली," मी म्हणालो.

"अजून उल्लू बनवतोस?" त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी लोळत गटारात गेलो. त्याला गाडीनं खालच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत नेलं. दोन्ही पाय मोडले.




आमच्याकडे उतारावर उभ्या गाडीच्या चाकाला दगड लावतात. तो आल्यापासून त्याच्या गाडीला रोज मीच लावत होतो, तेवढं मात्र सांगायचं राहून गेलं.